पाय तापलाय

आमच्या घरात हा विनोद आता शिळा झालाय, पण पहिल्यांदा घडला तेव्हा तो विनोद नव्हता. मी आतल्या खोलीतून ओरडले, "पाय भलताच तापलाय गं!" आणि आई हातातलं काम टाकून धावत आली, "दाखव बघू, कुठे मुरगळला?" मी टेबलावरचा तो पत्त्यांच्या कॅटाएवढा हिरवा बोर्ड तिच्या पुढे धरला. तिने एकदा बोर्डाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि काही न बोलता परत गेली. या छोट्याशा कॉम्प्युटरचं नाव रास्पबेरी पाय, आणि त्यातलं पाय हे पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेवरून आलंय हे मी तिला नंतर सांगितलं, त्याने फार फरक पडला नाही.

पण तापला होता हे खरं. ७८ अंश. ८० च्या आसपास गेला की हा बोर्ड आपणहून आपला वेग कमी करायला लागतो, म्हणजे अगदी काठावर होता बिचारा. आणि एवढा तापून करत काय होता? तर घड्याळ दाखवत होता. बस्स. तास, मिनिटं, सेकंद.

झालं असं की आईच्या गोळ्या वाढल्या. सकाळच्या वेगळ्या, दुपारची एक, रात्रीच्या दोन, आणि "मी घेतली की नाही" हा प्रश्न दिवसातून चारदा. फोनवरचं ॲप तिला नको होतं, कारण फोन नेहमी दुसऱ्या खोलीत. तेव्हा ड्रॉवरमध्ये पडून असलेला पाय ३ आठवला, २०१६ चा, प्रोसेसरचे चार कोअर, म्हणजे एकदम चार कामं करणारे चार भाग, १.२ गिगाहर्ट्झ, १ जीबी मेमरी, आणि त्याच्यासोबत त्यांचाच तो ७ इंची टच स्क्रीन, ८०० बाय ४८० पिक्सेलवाला. म्हटलं भिंतीवर लावू, मोठ्या अक्षरात वेळ, खाली गोळीचं नाव, आणि एक बटण, "घेतली". कोपऱ्यात खोलीचं तापमान, कारण सेन्सरपण ड्रॉवरमध्ये होताच. दोन संध्याकाळींचं काम. (हे वाक्य मी आयुष्यात ज्या ज्या कामाबद्दल बोलले ते प्रत्येक काम किमान दोन महिने चाललंय.)

मी ऑफिसात डेटाबेसवाली. माझे प्रोग्राम लोकांना दिसत नाहीत, दूर कुठेतरी सर्व्हरवर चालतात. स्क्रीनवर काही काढायची सवयच नाही. त्यामुळे मी जे डोक्यात पहिलं आलं ते लिहिलं, स्क्रीनवर विंडो आणि बटणं काढणारं टीकेइंटर घेतलं कारण ते पायथनबरोबर फुकटात येतं, आणि एक न संपणारा लूप. वेळ वाच, कॅनव्हासवरचं सगळं पूस, पार्श्वभूमीचं चित्र टाक, वेळ लिही, गोळी लिही, बटण काढ, पुन्हा पहिल्यापासून. लॅपटॉपवर लिहिलं, लॅपटॉपवर चालवलं, झकास चाललं. पंखा थोडा वाजत होता पण लॅपटॉपचा पंखा तसाही कशानेही वाजतो. तोच प्रोग्राम पायवर टाकला आणि पंधरा मिनिटांत आई मुरगळलेला पाय बघायला आली.

सेकंद बदलतो सेकंदाला एकदा. माझा लूप तेच चित्र, त्यातला एकही ठिपका बदललेला नसताना, जमेल तितक्या वेळा परत परत रंगवत होता. एक अख्खा कोअर फक्त त्यात गेलेला. लॅपटॉपने ही गोष्ट माझ्यापासून लपवली होती, आणि लॅपटॉपकडे लपवायला जागा भरपूर असते. पायकडे ना पंखा ना जागा, त्याने सरळ हात लावून दाखवलं की बाई तू काय करतेयस.

मग शिकले की ग्राफिकल प्रोग्रामने बहुतेक वेळ झोपायचं असतं. म्हणजे अक्षरशः. मेनलूप म्हणून जी गोष्ट असते ती फिरत नसते, ती सिस्टिमच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला सांगते की मला निजू दे, बोट लागलं तर उठव, टायमर वाजला तर उठव, विंडोचा झाकलेला भाग उघडा पडला तर उठव. उठायचं, तेवढंच काम करायचं, परत आडवं व्हायचं. टीकेइंटरमध्ये आफ्टर म्हणून सोय आहे, "१००० मिलिसेकंदांनी हे फंक्शन बोलव" असं सांगून मोकळं व्हायचं. माझा न संपणारा लूप काढला, आफ्टर घातलं आणि तापमान पन्नाशीच्या खाली आलं. चार ओळींचा फरक होता सगळा मिळून.

याच सुमारास एका जास्तीच्या मेमरी कार्डावर मी रिस्क ओएस ही वेगळीच ऑपरेटिंग सिस्टिम टाकून पाहिली, म्हणजे कामाचं काही नव्हतं, गोळ्यांचा प्रोग्राम अर्धवट टाकून केलेले उद्योग. पण त्यातून एक गोष्ट कळली जी मला खरंच माहीत नव्हती. पायमध्ये असते त्या जातीच्या चिपला, एआरएमला, आपण फोनमुळे ओळखतो, पण ती चिप जन्मली डेस्कटॉपसाठी. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी ती बनवली, पहिली चिप २६ एप्रिल १९८५ ला चालली, आणि १९८७ मध्ये ती आर्किमिडीज नावाच्या कॉम्प्युटरमध्ये बसून लोकांच्या टेबलावर आली, ८ मेगाहर्ट्झ. फोन-बिन सगळं नंतरचं. रिस्क ओएस ही त्याच घराण्यातली. काही सेकंदांत डेस्कटॉप समोर. माऊसच्या तिन्ही बटणांना नावं, सिलेक्ट, मेन्यू आणि ॲडजस्ट. फाइल सेव्ह करायची तर डायलॉगमधून तिचं चित्र उचलून फोल्डरमध्ये नेऊन टाकायचं. पहिल्या दिवशी चक्रावायला होतं, तिसऱ्या दिवशी वाटतं असंच तर हवं होतं.

पण मुद्दा वेगळा आहे. त्या सिस्टिममध्ये सगळे प्रोग्राम एकमेकांच्या भरवशावर चालतात. प्रत्येकाने आपलं काम उरकून "आता दुसऱ्याला दे" असं म्हणायचं, नाही म्हटलं तर सगळा डेस्कटॉप थिजतो, माऊसचा बाण फिरतो पण बाकी काहीच हलत नाही. माझं ते पहिलं घड्याळ तिथे चालवलं असतं तर पहिल्याच सेकंदाला पकडले गेले असते. पायवर एरवी चालणारा लिनक्स सभ्य आहे, तो तुमच्या हातातून सीपीयू काढून घेतो आणि दुसऱ्याला देतो, मग तुमचं पाप फक्त उष्णतेच्या रूपात दिसतं.

आता ते पिक्सेलचं गणित. हे मी एका रात्री वहीत मांडलं आणि मग झोप येईना. ८०० गुणिले ४८० म्हणजे ३,८४,००० ठिपके. प्रत्येकाला ४ बाइट, म्हणजे एका चित्राला १५,३६,००० बाइट. सेकंदाला ६० वेळा रंगवायचं तर ९ कोटी २१ लाख बाइट. आणि हा छोटा स्क्रीन झाला, फुल एचडी टीव्ही जोडला तर एका चित्रालाच ८२,९४,४०० बाइट, सेकंदाला जवळजवळ ५० कोटी. मोठ्या डेस्कटॉपवर ग्राफिक्स कार्डाची स्वतःची वेगळी मेमरी असते. या बोर्डांवर तसं नसतं, सीपीयू, ग्राफिक्स, आणि स्क्रीनकडे ठिपके पाठवणारा भाग, तिघेही एकाच मेमरीच्या एकाच रस्त्यावरून ये-जा करतात. तुम्ही उगाच रंगवत बसलात की बाकीच्यांची वाट अडते.

उलट सेकंदांचे दोन आकडे मावतात १२० बाय १०० च्या चौकोनात. १२,००० ठिपके, म्हणजे स्क्रीनच्या साधारण ३ टक्के. मग सगळं पुसायचं कशाला? कॅनव्हासवरच्या त्या एका मजकुराला फक्त "तुझं अक्षर बदल" म्हणायचं, कुठला भाग परत रंगवायला लागणार ते टूलकिट, म्हणजे टीकेइंटरसारखं विंडो-बटणांचं तयार साधन, स्वतः काढतं. या भागाला ग्राफिक्सवाले डॅमेज म्हणतात, नुकसान. शब्द मला फार आवडला. नुकसान झालंय तेवढंच भरून द्यायचं, अख्खं घर पाडायचं नाही.

हे शहाणपण आजचं नाहीच. १९७३ मध्ये झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात आल्टो नावाचा कॉम्प्युटर बनला, ६०६ बाय ८०८ ठिपक्यांचा उभा स्क्रीन, आणि मेमरी सगळी मिळून १२८ केबी. स्क्रीन पूर्ण वापरला तर ६१,००० बाइट त्यातच जाणार, म्हणजे जवळपास निम्मी मेमरी नुसती दाखवण्यात. त्यामुळे तिथे स्क्रीन आडव्या पट्ट्यांमध्ये तोडता यायचा आणि कोऱ्या पट्टीला मेमरी लागायचीच नाही, ज्याला मेमरी हवी तो प्रोग्राम स्क्रीनच आखूड करायचा. १९८४ च्या मॅकिंटॉशमध्येही १२८ केबीच, ५१२ बाय ३४२ चा काळापांढरा स्क्रीन, त्याला २१,८८८ बाइट. माझ्या ड्रॉवरमधल्या पायची मेमरी त्याच्या ८,१९२ पट. आणि मी त्याला एक घड्याळ दाखवायला लावून ताप आणला होता. वहीतलं हे शेवटचं वाक्य मी खोडलं पण डोक्यातून गेलं नाही.

तेव्हा मी एक हट्ट केला. हा प्रोग्राम पायवरच लिहायचा. लॅपटॉपवर लिहून, तिथून ढकलून, दुरून लॉगिन करून बघायचं नाही. कीबोर्ड-माऊस बोर्डालाच जोडायचा आणि तिथेच बसायचं. ऑफिसातल्या एकाने ऐकून विचारलं, "का पण? स्वतःला शिक्षा आहे का कसली?" त्याचंही बरोबर होतं. १ जीबीत ब्राउझर उघडला आणि चार टॅब झाले की सगळं जड व्हायला लागतं. शेवटी माहिती फोनवर वाचायची आणि कोड बोर्डावर लिहायचा अशी वाटणी केली. पण फायदा असा की प्रोग्रामचा आळस त्याच क्षणी कळतो. विंडो उघडायला वेळ लागला की बोटांना कळतं. लॅपटॉपवर ती विंडो फटकन उघडते, तुम्ही खूश, आणि भिंतीवरच्या माणसाच्या वाट्याला वेगळंच काहीतरी येतं.

पायथन लिहायला थॉनी आहे, एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठातून आलेला, बोर्डाच्या सिस्टिमसोबतच मिळतो. लहान पोरांसाठी म्हणून बनवलाय, मी चाळिशीची, मला चालला. लाझारस या पास्कल भाषेत प्रोग्राम लिहायच्या साधनाचं मात्र खरंच नवल वाटलं. पूर्वी ज्यांनी व्हिज्युअल बेसिक किंवा डेल्फीत फॉर्मवर बटणं ओढून ओढून प्रोग्राम केलेत त्यांनी एकदा तरी हे बोर्डावर टाकून बघा. त्यातला फ्री पास्कलचा कंपायलर, म्हणजे कोडचा चालणारा प्रोग्राम करून देणारा, इतका चपळ आहे की बोर्डावर बसून बोर्डासाठीचा खराखुरा प्रोग्राम तिथल्या तिथे तयार होतो, वाट बघत बसायला लागत नाही. फक्त पास्कल मी कॉलेजात सोडलं ते सोडलंच, आता बिगिन-एंड लिहायला हात धजावत नाही.

हट्ट मोडला तो सी प्लस प्लस भाषा आणि क्यूटी या टूलकिटपाशी. एक मोठीशी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, कंपाइल करायची होती, चार कोअर आहेत तर चारही लावू म्हणून मेक या कंपाइल करवून घेणाऱ्या प्रोग्रामला चार जॉब सांगितले. चार कंपायलर एकदम सुटले, चौघांनी मिळून १ जीबी खाल्ली, मग सिस्टिम मेमरीतलं सामान कार्डावर टाकायला लागली, आणि मेमरी कार्ड हे असलं हमालीचं काम करायला बनलेलंच नसतं. माऊस थांबला. घड्याळ थांबलं. बऱ्याच वेळाने कर्नलने त्यातल्या एका कंपायलरचा जीव घेतला आणि बाकीचे श्वास घ्यायला लागले. एक जॉब लावला असता तर हळू का होईना झालं असतं. त्या दिवसापासून असली मोठी कामं लॅपटॉपवर क्रॉस कंपाइल करते, म्हणजे लॅपटॉपवर बसून एआरएमसाठीचा माल तयार करायचा आणि तो इकडे आणायचा. हट्टाला पण काहीतरी मर्यादा हवी.

आता देवनागरीची गोष्ट, जिच्यात माझे सर्वात जास्त दिवस गेले.

पहिल्यांदा नुसते चौकोन आले. ते सोपं, बोर्डावर देवनागरी फॉन्टच नव्हता, लोहित टाकला, अक्षरं आली. मी घाईत होते, "घेतली" नीट दिसलं, "गोळी" नीट दिसलं, लावला भिंतीवर. संध्याकाळी आई म्हणाली, "हे कुठलं औषध गं? मला नाही वाचता येत." मी जाऊन बघते तर कॅल्शिअम. पण कसं, तर ल पाय मोडलेला सुटा उभा, मग श सुटा, आणि त्याची वेलांटी शच्या आधी यायची ती नंतर, पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसलेली. "रात्रीची" मधला त्र तर फुटून त, खाली लंगडा पाय, आणि शेजारी र. पायवर पाय मोडका. हसावं की रडावं.

कारण असं की कॉम्प्युटरमध्ये आपण लिहितो त्या क्रमाने अक्षरं साठवत नाहीत, उच्चारतो त्या क्रमाने साठवतात. "शि" म्हणजे आधी श, मग वेलांटी. "त्र" म्हणजे त, हलन्त, र, अशी तीन चिन्हं. यांची अदलाबदल करणं, जोडाक्षर कुठलं ते ओळखणं, फॉन्टमधलं त्यासाठीचं तयार चित्र शोधणं, हे सगळं शेपिंग म्हणून एक वेगळं काम आहे आणि ते करणारा कुणीतरी मध्ये लागतो. लिनक्सवर तो बहुतेक ठिकाणी हार्फबझ असतो. क्यूटी त्याला वापरतं, जीटीके हे दुसरं टूलकिट पँगो नावाच्या लायब्ररीमार्फत वापरतं. मी जी टीके, म्हणजे टीकेइंटरच्या आतलं मूळ टूलकिट, घेऊन बसले होते ती लिनक्सवर हे करतच नव्हती, एकेक चिन्ह घेते आणि ओळीने मांडत जाते. इंग्रजीला त्याने काहीच बिघडत नाही, म्हणून बघणाऱ्याला कळतही नाही. "गोळी घेतली" मध्ये जोडाक्षर नाही आणि पहिली वेलांटी नाही म्हणून मीही फसले. तेव्हापासून माझा चाचणीचा शब्द कॅल्शिअम आहे, नवीन टूलकिट दिसलं की आधी तो टाकून बघते. पायगेम हे खेळ बनवायचं साधन घेतलं तरी तिथेही मजकूर शेपिंगमधून जातोय का ते बघावंच लागतं. एलव्हीजीएल म्हणून अगदी छोट्या चिपसाठी एक सुंदर लायब्ररी आहे, अगदी थोड्या मेमरीत बटणं आणि आलेख दाखवते, माझा जीव जडला होता तिच्यावर, पण तिथेही देवनागरीची घडी बसेना.

काही दिवस मी चोरवाट वापरली, हे कबूल करते. प्रत्येक गोळीचं नाव लॅपटॉपवर चित्र म्हणून बनवायचं आणि ते चित्र चिकटवायचं. दिसायला सुंदर. मग डॉक्टरांनी एक गोळी बदलली आणि आईने मला ऑफिसात फोन केला की जुनंच नाव दाखवतंय. त्या संध्याकाळी चित्रं काढून टाकली आणि सगळा प्रोग्राम जीटीकेमध्ये परत लिहिला. मुद्दाम जीटीके ३ घेतलं, ४ नाही, कारण ३ मुख्यतः सीपीयूवर, कैरो नावाच्या लायब्ररीने रंगवतं आणि सेकंदाला एकदा बदलणाऱ्या पाटीला तेवढं पुष्कळ झालं. सुरू व्हायला टीकेपेक्षा जास्त वेळ घेतं, हे खरंय. पण कॅल्शिअम कॅल्शिअमसारखं दिसतं.

मग आली दोन गोळ्यांची भानगड. नोंदीत दिसायला लागलं की आईने सकाळची गोळी दोनदा घेतली, सात वाजून चार मिनिटांनी आणि सात वाजून चार मिनिटांनी. माझ्या पोटात गोळा आला. विचारलं तर म्हणाली, "एकच घेतली, बटण दाबलं पण काही झालंच नाही म्हणून परत दाबलं." दोष पूर्ण माझा. तापमानाचा जो सेन्सर होता, डीएस१८बी२०, तो पूर्ण बारकाईने मोजायला ७५० मिलिसेकंदांपर्यंत घेतो. मी तो वाचत होते टायमरच्या फंक्शनमध्ये, म्हणजे त्याच मेनलूपमध्ये. सेन्सर मोजेपर्यंत पाऊण सेकंद प्रोग्राम आंधळा-बहिरा. आई बटण दाबते, काही हलत नाही, परत दाबते, आणि दोन्ही दाबणी रांगेत उभी, प्रोग्राम जागा झाल्यावर दोन्ही इमानदारीत नोंदवतो. माणसाला दहावा हिस्सा सेकंदाच्या आत काहीतरी हललेलं दिसलं तर त्याला वाटतं हे माझ्या बोटाने झालं. पाऊण सेकंद म्हणजे त्या मानाने युग.

उपाय पुस्तकी आहे. सेन्सर वाचायला वेगळा थ्रेड, म्हणजे प्रोग्राममध्येच समांतर चालणारं दुसरं काम, वाचलेला आकडा रांगेत टाकायचा, आणि मेनलूप आपल्या सवडीने तो उचलून पाटीवर लिहिणार. थ्रेडने स्वतः पाटीला हात लावायचा नाही, कधीच नाही, टूलकिटं बहुतेक अशीच असतात, मुख्य थ्रेडशिवाय दुसऱ्या कुणी विजेटला, म्हणजे बटण किंवा पाटीला, हात लावला की कधी चालतं, कधी तीन दिवसांनी काही कारण न देता प्रोग्राम मरतो. मी अर्थातच आधी हात लावून पाहिला होता. तीन नाही, दोन दिवस टिकला. शिवाय बटण दाबल्याक्षणी रंग बदलून बंद व्हायला लावलं, नोंद मागाहून होईना का.

बटणाच्या आकाराचं मात्र आईनेच शिकवलं. ७ इंचात ८००×४८०, म्हणजे इंचाला साधारण १३३ ठिपके. लॅपटॉपवर छान दिसणारं ३० ठिपके उंचीचं बटण इथे सहा मिलिमीटरसुद्धा भरत नाही. बोट असतं सेंटिमीटरभर, आणि आईचं तर संधिवाताने वाकलेलं. आता "घेतली" हे बटण स्क्रीनच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात पूर्ण रुंदीचं आहे. डिझायनर लोकांना बघवणार नाही. बाण वर नेला की माहिती दिसते ते सगळं काढून टाकलं, बोट काही बाणासारखं तरंगत नाही.

मध्ये सिस्टिम अपडेट केली आणि अर्धा दिवस गेला. स्क्रीनवर विंडो मांडणाऱ्या, १९८४ पासून चालत आलेल्या एक्सच्या जागी वेलँड आलं, २०२४ च्या ऑक्टोबरपासून जुन्या पायवरसुद्धा तेच पहिलं मिळतं. एक्समध्ये प्रोग्राम म्हणू शकायचा, माझी विंडो अमुक ठिकाणी ठेवा. वेलँडमध्ये साध्या विंडोला तो अधिकार नाही, तिला फक्त "मला पूर्ण स्क्रीन द्या" अशी विनंती करता येते. सुरक्षिततेच्या दृष्टीने बरोबर आहे, माझ्या जुन्या जुगाडांच्या दृष्टीने सगळं मोडलं. पूर्ण स्क्रीनच हवा होता म्हणा मला, त्यामुळे शेवटी चाळीस ओळी कमीच झाल्या.

आणि यातली सगळ्यात मोठी गंमत मला सर्वात शेवटी कळली. मी घड्याळ बनवत होते अशा बोर्डावर ज्याला स्वतःचं घड्याळच नाही. लॅपटॉपमध्ये एक छोटा सेल असतो जो बंद असतानाही वेळ चालू ठेवतो. पाय ५ मध्ये तशी सोय आली, सेल फक्त आपण जोडायचा, पण त्याआधीच्यांना नेटवरून वेळ विचारावी लागते. वीज गेली, आली, आणि राउटर उठायच्या आधी बोर्ड उठला तर तो मागच्या वेळी जिथे थांबला होता तिथूनच वेळ सुरू करतो, अगदी आत्मविश्वासाने. शोभेचं घड्याळ असतं तर हसले असते. गोळ्यांचं आहे. म्हणून आता वेळ नेटवरून पक्की होईपर्यंत माझी पाटी वेळ दाखवतच नाही, "थांब, वेळ बघतेय" एवढंच लिहिते, आणि बटण बंद. आईला हे आवडलं. म्हणाली, "खोटं बोलण्यापेक्षा बरं."

महिनाभर सगळं सुरळीत चाललं. सेकंद सरकतायत, फक्त तेवढाच चौकोन रंगतोय, तापमान पंचेचाळीसच्या आसपास, मी रोज एकदा तरी बोट लावून बघायचे, सवयच लागली होती. मग एका सकाळी आई म्हणाली, "ते सेकंद काढता येतील का गं? सतत हलतंय काहीतरी, उगाच घाई झाल्यासारखं वाटतं."

बारा हजार ठिपक्यांचा माझा तो चौकोन. वहीतलं गणित. डॅमेज. मी एक मिनिट काही बोललेच नाही, मग कीबोर्ड जोडला आणि ते काढलं. टायमर हजार मिलिसेकंदांवरून साठ हजारावर नेला, मिनिटाला एकदा उठायचं, मिनिट बदलायचं, झोपायचं. दहा मिनिटांचं काम. रात्री आई दारात उभी. "हॉलमधलं घड्याळ पुढे आहे की तुझं मागे?" बघितलं तर माझं मागे, चाळीसेक सेकंद, कारण मी प्रोग्राम सुरू केला होता मिनिटाच्या चाळिसाव्या सेकंदाला आणि तो तेव्हापासून दर मिनिटाच्या चाळिसाव्या सेकंदालाच इमानेइतबारे उठत होता. पुढचं मिनिट सुरू व्हायला किती सेकंद उरलेत ते मोजायचं आणि दर वेळी तेवढ्याचाच टायमर लावायचा, एवढं करायचं राहिलं होतं. ते केलं, आणि दोघी हॉलमधल्या घड्याळाचा काटा बाराच्या आकड्यावर येईपर्यंत भिंतीकडे बघत उभ्या राहिलो.